मालनताईंच्या पायांतलं विष

रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांची जी रास पडली होती, तेवढी गणपतीच्या आरतीलाही पडत नाही. लिफ्ट बंद होती, तरी सातव्या मजल्यावरची गुडघेदुखी जिना उतरून रांगेत उभी होती. तिच्यामागे कंबरदुखी, कंबरदुखीमागे पित्त, आणि पित्तामागे एक धडधाकट तरुण. त्याला काहीच होत नव्हतं, पण सगळे उभे आहेत म्हणून तोही उभा होता.

आत आचार्य देवेश लोकांच्या पायांतून विष काढत होते.

अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीच्या पाठीमागे आमची ही सात मजली इमारत आहे. निम्मी घरं कोकणातून गिरणीत आलेल्यांच्या मुलानातवंडांची, निम्मी आमच्यासारखी विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्यांची. पाण्याच्या वेळेवरून भांडणं होतात, बाकी एकोपा आहे. त्या दिवशी तर फारच होता, कारण विष सगळ्यांच्याच पायांतून निघत होतं.

पद्धत अशी. हॉलमधल्या लोखंडी घडीच्या खुर्चीवर माणसाला बसवायचं. समोर टब, टबात कोमट, स्वच्छ पाणी. आचार्य ते ओंजळीत घेऊन सगळ्यांना दाखवत. मग त्यात चमच्याने एक पांढरी पूड टाकत. तिचं नाव ऊर्जा-क्षार. मग एक वायर लावलेली गोल डबी पाण्यात सोडत. तिचं नाव आयन-यंत्र. मग गुडघ्यांवरून जमिनीपर्यंत भगवी शाल पसरत, आणि शाल पसरली की बसलेल्याने आतल्या आत पाय पाण्यात सोडायचे. विषाला उजेड लागला तर ते पुन्हा अंगात शिरतं, असं आचार्यांचं म्हणणं होतं. वीस मिनिटं डबी गुणगुणायची. त्यानंतर आचार्य झटक्यात शाल ओढत, आणि टबातलं पाणी तपकिरी झालेलं असे.

"माउली, शरीर म्हणजे काय?" ते विचारत आणि उत्तराची वाट न पाहता सांगत, "शरीर म्हणजे पेशींची सोसायटी. साठ वर्षं तुमच्या सोसायटीचा कचराच उचलला नाही. आपलं यंत्र ही कचऱ्याची गाडी."

मग भिंतीवरचा रंगीत तक्ता वाचला जाई. पिवळट पाणी म्हणजे मूत्रपिंड, नारिंगी म्हणजे सांधे, गडद तपकिरी म्हणजे यकृत, आणि वर फेस आला तर चिंता. फेस जवळजवळ सगळ्यांना येत होता. मुंबईत राहणाऱ्याला चिंता आहे हे सांगायला यंत्र लागतं, हे मला नव्यानेच कळलं.

मी महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्या पाण्याचा रंग मला ओळखीचा वाटत होता. पण मी तिथल्या तिथे काही बोलले नाही. वर्गात एक गोष्ट मी उशिरा शिकले. उत्तर आपण सांगून टाकलं की मुलं ते वहीत लिहून घेतात आणि डोक्यातून सोडून देतात.

पहिल्या खुर्चीवर माझ्या समोरच्या घरातल्या मालनताई बसल्या होत्या. त्यांची ती चौथी बैठक. पाच बैठकांत माणूस स्वच्छ होतो असं ठरलेलं होतं. शाल उघडली तसं त्यांनी मला हात करून बोलावलं.

"बघा बाई. पयल्या दिवसा काळाकुट्ट होता. आता बघा, चाय कशी."

खरंच, पाणी चहाच्या रंगाचं होतं. मालनताईंच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीचा आनंद होता.

त्याच दिवशी दुपारी त्यांची नात श्रुतिका माझ्याकडे आली. ही माझीच विद्यार्थिनी. आता एम. ए. करते, विषय आरोग्य मानसशास्त्र. माणूस आजाराबद्दल मनात काय धरून बसतो, गोळी का घेतो, का टाळतो, कुणाचं ऐकतो, हे शिकवणारा विषय. ती आली आणि हातातली औषधांची पाकिटं तिने माझ्या टेबलावर ठेवली.

"आजीने शुगरच्या गोळ्या बंद केल्यात, बाई. अकरा दिवस झाले. विष निघालं तर गोळी कशाला, म्हणते. आजोबांना सांगितलं, तर ते म्हणतात, तिच्या तोंडी कोण लागणार."

आजोबा म्हणजे दत्ताराम. गिरणीच्या संपात कुणापुढे वाकले नव्हते, पण घरात त्यांचं धोरण वेगळं होतं.

मी विचारलं, तू काय केलंस. तिने पिशवीतून कागद काढले. तिच्या अभ्यासक्रमात एक काम होतं: दीर्घ आजार असलेल्या एका व्यक्तीची चाळीस मिनिटांची मुलाखत घ्यायची, शब्दन् शब्द उतरवून काढायचा आणि त्या व्यक्तीला आपला आजार कसा दिसतो ते लिहायचं. घरातली व्यक्ती चालेल असं सांगितलं होतं. श्रुतिकाने आजीलाच गाठलं. मी वाचायला लागले. पहिल्या पानावर श्रुतिका विचारते, हे अवैज्ञानिक आहे हे तुला कळतं का. आजी म्हणते, हं. मग श्रुतिका सहा मिनिटं इन्सुलिनबद्दल बोलते. आजी म्हणते, हं. श्रुतिका आणखी चार मिनिटं बोलते. आजी म्हणते, चाय ठेवू?

शेवटच्या पानावर तिच्या प्राध्यापिका सपना मॅडम यांनी लाल शाईने लिहिलं होतं: "चाळीसपैकी एकतीस मिनिटं तू बोलली आहेस. मुलाखत नेमकी कुणाची होती?"

मला हसू आलं. श्रुतिकाला नाही आलं.

"पुन्हा घ्यायला सांगितलीय," ती म्हणाली. "आणि एक नियम दिलाय. समोरच्याचं बोलून झालं की मनात सातपर्यंत मोजायचं. मगच तोंड उघडायचं. मला तीनच्या पुढे जाता येत नाही, बाई."

मी म्हटलं, माझ्याकडे घे. तुमच्या घरी टीव्ही चालू असतो, इथे मी मेथी निवडत बसते. तुझा आकडा तीनवर अडखळला तर मी तुझ्याकडे बघेन.

मंगळवारी संध्याकाळी मालनताई आल्या, खुर्चीत बसल्या आणि आधीच सांगून मोकळ्या झाल्या की नातीच्या परीक्षेसाठी आलेय, गोळीचं नाव काढलंत तर उठून जाईन. श्रुतिकाने विचारलं, आजी, त्या पाण्यात बसल्यावर तुला कसं वाटतं. आजी म्हणाली, बरं वाटतं. श्रुतिकाचं तोंड उघडलं, तिने माझ्याकडे पाहिलं आणि ते मिटलं. तिच्या पायाचा अंगठा फरशीवर मोजत होता. एक, दोन, तीन, चार.

पाचला मालनताई पुन्हा बोलायला लागल्या. आचार्य विचारतात, म्हणाल्या. झोप लागली का, जिना चढताना दम लागतो का, सून बोलते का. दवाखान्यातला डॉक्टर कागदाकडे बघतो. हा माणूस तोंडाकडे बघतो.

श्रुतिकाचा अंगठा पुन्हा मोजायला लागला. मी मेथीची एक काडी चार वेळा निवडली.

"लवू म्हायत आसा ना तुका?" मालनताई म्हणाल्या. लवू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, मालवणला असायचा. त्यालाही हाच आजार होता. आधी बोट काळं पडलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. "पायातसूनच सुरू झाला सगळा. मगे मी म्हटलंय, विष पायातसून निघता तर निघू दे. माझो पाय तरी ऱ्हवात."

श्रुतिकाचा अंगठा थांबला होता. आजी भोळी नव्हती. आजी घाबरलेली होती, आणि घरात ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर सगळ्यांनी तिला समजावलंच होतं. आपला पाय वाचवण्याचा तिला जो रस्ता दिसला, तो तिने धरला. तो नेमका पाय घालवण्याचा होता, एवढंच.

श्रुतिकाने हळूच विचारलं की टबात पाय सोडून वीस मिनिटं बसताना दुखत नाही का. कारण आजी बुटकी. हॉलमधल्या त्या उंच खुर्चीवर तिचे पाय लोंबकळतात, हे आम्हाला माहीत होतं.

"वीस मिन्टा कोण ठेवता?" मालनताई सहज म्हणाल्या. "माका पाय लोंबत ठेवन बसाक जमणा नाय. जरा बुडवतंय, मगे खुर्चीच्या दांड्यार घेवन बसतंय. शालीत कोणाक दिसता?"

आता श्रुतिकाने सातपर्यंत नाही, सत्तरपर्यंत मोजलं असावं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.  जी गोष्ट मालनताई कुणालाही सांगणार नव्हत्या, ती त्या शांततेत आपसूक बाहेर आली होती.

नेमकी तेव्हाच माझी संध्याकाळची मुलं आली. इमारतीतली सात-आठ पोरं माझ्याकडे विज्ञानाला येतात. शिकवणी नव्हे, उचापती. त्यांतली प्रांजल दहा वर्षांची आहे आणि तिच्या प्रश्नांनी तिचे आईवडील थकलेले आहेत. मालनताई जायला उठल्या होत्या, पण मुलं आली की त्या थांबतात. मुलांमध्ये रविवारच्या विषाचीच चर्चा चालली होती. कुणाच्या आजोबांचं किती काळं निघालं यावर पैज लागायची बाकी होती.

प्रांजलने विचारलं, "बाई, पाय न घालता पाणी काळं होतं का, ते कुणी बघितलंय?"

शिक्षकाच्या आयुष्यात असे प्रश्न मोजके येतात. मी म्हटलं, नाही बघितलं. आपण बघूया का?

आम्ही काचेचे दोन पेले घेतले. दोन्हींत पाणी. एकात एक चमचा मीठ, दुसऱ्यात तीन. प्रत्येकात दोन लोखंडी खिळे, एकमेकांना न लागणारे, आणि खिळ्यांना तारेने जोडलेली एकेक चौकोनी बॅटरी, खेळण्यांतली. भिंतीच्या प्लगला हात लावायचा नाही हे मी तीनदा बजावलं आणि खिडकी उघडी ठेवली. थोड्या वेळात खिळ्यांभोवती बुडबुडे आले. मग पिवळट धागे सुटले. मग पाणी गढूळ व्हायला लागलं. पाव तासात एका पेल्यात चहा होता आणि तीन चमचेवाल्यात काढा. वर फेसही आला.

"पेल्याला चिंता आहे," प्रांजल म्हणाली.

मुलं हसून लोळली. मी त्यांना विचारत गेले आणि त्यांनीच जुळवत नेलं. मिठाच्या पाण्यातून वीज जाते. वीज लोखंड झिजवते. झिजलेलं लोखंड म्हणजे गंज, आणि गंजाचा रंग तपकिरी. मीठ जास्त तर वीज जास्त, म्हणून गंज जास्त. आचार्यांचा ऊर्जा-क्षार म्हणजे मीठच असणार, आणि त्या गोल डबीतही लोखंडाच्या पट्ट्याच असणार. पहिल्या बैठकीला तीन चमचे टाकायचे, पाचव्या बैठकीला अर्धा. मग पाणी फिकं होतं आणि माणूस स्वच्छ होतो.

मालनताई सगळा वेळ त्या दोन पेल्यांकडे बघत होत्या. श्रुतिकाला मी डोळ्यांनी सांगितलं, मोज. तिने मोजलं.

"माझी पाचवी बैठक आसा रविवारी," मालनताई म्हणाल्या आणि उठल्या. "बघतंय मी."

गोळ्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. श्रुतिकाने त्या चार दिवसांत एकदाही विचारलं नाही. तिची ती सगळ्यात कठीण परीक्षा होती, आणि तिचे गुण कुठल्याही कागदावर आले नाहीत.

रविवारी सकाळी मालनताईंनी स्वतःच श्रुतिकाला आणि मला आपल्या खोलीत बोलावलं. प्रांजलने त्यांना युक्ती सुचवली होती: पायांना अंगाची पावडर फासून जायचं, म्हणजे एक थेंब लागला तरी कळेल. श्रुतिका खाली बसून आजीच्या पायांना पावडर लावायला लागली आणि डाव्या टाचेशी तिचा हात थांबला. तिथे एक फोड होता, रुपयाएवढा, फुटून ओला झालेला. कधी झाला, ते मालनताईंना माहीत नव्हतं. दुखलाच नव्हता. साखरेच्या आजारात पायांची जाणीव कमी होते. आचार्यांचं कोमट पाणी एखाद्या दिवशी कोमटपेक्षा बरंच गरम असावं आणि त्यांना कळलंच नसावं.

मालनताईंनी आरसा धरून टाच पाहिली. लवूचंही असंच झालं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण आम्ही दोघींनी ते ऐकलं. श्रुतिका म्हणाली, आता थेट दवाखान्यात जाऊ, हॉल राहू दे.

"जाव्या," मालनताई म्हणाल्या. "पण आधी तेका इचारून जाव्या." श्रुतिकाने टाचेला स्वच्छ पट्टी बांधली आणि पाय पाण्यात घालणार नाहीस ना, एवढंच विचारलं. मालनताईंनी तिच्या गालाला पावडरचा हात पुसला.

हॉल भरलेला होता. आचार्यांनी मालनताईंचं खास स्वागत केलं; पाचवी बैठक पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्याच. चार लोकांना त्यांनी बोलावून आणलं. पाणी दाखवलं, चिमूटभर क्षार टाकला, डबी सोडली, शाल पसरली. पोरं पुढे येऊन मांडी घालून बसली होती. आचार्यांच्या जागी मी असते, तर इतकी शांत बसलेली मुलं पाहून मला संशय आला असता. आचार्यांना वाटलं, भक्तिभाव.

वीस मिनिटं झाली. आचार्यांनी हातात माइक घेतला.

"पाच बैठकांपूर्वी या माउलीच्या पायांतून डांबरासारखं विष निघालं होतं. आज बघा. फिकं, सोन्यासारखं पाणी. शेवटचा थेंब निघाला." आणि त्यांनी शाल ओढली.

पाणी खरंच फिकं तपकिरी होतं. आणि मालनताईंचे दोन्ही पाय खुर्चीच्या आडव्या दांड्यावर होते. कोरडे ठणठणीत, पावडरने पांढरे, एका टाचेला पट्टी.

 मालनताईंनी वाकून टबात पाहिलं, मग आचार्यांकडे पाहिलं, आणि अगदी चौकशीच्या सुरात विचारलं:

"आचार्यानू, माझे पाय तर हय आसत. मगे ह्या विष कोणाचा? खुर्चीक सांधेदुखी झाली काय?"

पहिल्यांदा मागच्या रांगेतून एक हसू फुटलं. ते दत्तारामांचं होतं. मग सगळा हॉल हसला.

आचार्य मुरलेले होते. हात वर करून ते म्हणाले की ऊर्जा अंतरावरूनही काम करते, पाय बाहेर असले तरी आयन पोचतात. तेव्हा प्रांजल उठली आणि तिने नम्रपणे विचारलं, "मग काका, रिकामी खुर्ची ठेवून यंत्र चालवा ना. तिचं निघालं नाही, तर तुमचं खरं."

आचार्यांनी सांगितलं, रिकामं चालवलं तर यंत्र जळतं. कुणीतरी मागून म्हणालं, अहो, आत्ता रिकामंच चाललं. एकाने डबी पाण्यातून वर काढली. आतल्या पट्ट्या कुरतडल्यासारख्या झिजल्या होत्या, आणि तिला हात लावणाऱ्याची बोटं तपकिरी झाली. मी मुलांना पुढे बोलावलं. त्यांनी आपले पेले, खिळे, मीठ आणि बॅटरी टेबलावर मांडली, आणि सगळ्या इमारतीने आपल्या डोळ्यांदेखत पाण्याचं 'यकृत' बिघडताना पाहिलं.

काही तरुण बाह्या सरसावून पुढे आले, त्यांना मी अडवलं. माणूस मारून चमत्कार मरत नाही. तो पुढच्या सोसायटीत जातो. सेक्रेटरींनी हॉलची चावी परत घेतली आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. आचार्य टब तिथेच टाकून गेले. आता त्यांत मुलं कढीपत्ता लावतायत.

मालनताई मात्र हे सगळं बघायला थांबल्या नाहीत. त्या श्रुतिकाबरोबर रिक्षाने दवाखान्यात गेल्या. साखर तीनशेच्या पुढे निघाली. डॉक्टरांनी जखम धुतली, गोळ्या पुन्हा सुरू केल्या, आणि आणखी पंधरा दिवस गेले असते तर काय झालं असतं, ते शांतपणे सांगितलं. जखम भरायला दीड महिना लागला. पण भरली. पाय शाबूत आहे.

एक प्रश्न श्रुतिकाने तिच्या लेखनात मांडला, तो मला महत्त्वाचा वाटतो. यंत्र खोटं होतं, मग लोकांना बरं वाटलं ते काय होतं? तिने उत्तर लिहिलं: ते खरंच होतं. अर्धा तास बसायला मिळालं, पायांना ऊब मिळाली, कुणीतरी तोंडाकडे बघून विचारपूस केली, चार माणसांनी कौतुक केलं. एवढ्याने दुखणं हलकं वाटतं, त्यात काही लबाडी नाही. पण हलकं वाटणं वेगळं आणि रक्तातली साखर उतरणं वेगळं. भोंदू माणूस पहिलं खरं देतो आणि त्याच्या आडून दुसरं विकतो. सपना मॅडमनी या वेळी लाल शाईने एकच ओळ लिहिली: "या वेळी तू नऊच मिनिटं बोललीस."

आता श्रुतिका रोज संध्याकाळी आजीचे तळवे उजेडात नीट तपासते, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि विचारते, आज कसं वाटलं. मग थांबते. मालनताईंना हे आता कळून चुकलंय. परवा त्या मला म्हणाल्या, "पोर मनात सातापर्यंत मोजता. मी मुद्दाम आठार बोलतंय."

तुम्हीही, मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं करा. घरातलं कुणी असल्या रांगेत उभं राहिलं तर त्याला मूर्ख म्हणू नका. त्याला कशाची भीती वाटते ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला, की हात जोडायच्या आधी फक्त आपले पाय वर घ्या आणि बघा: आपल्याशिवायही पाणी तपकिरी होतंय का?